टाकीतला खोकला

शप्पथ सांगतो साहेब, शंभर टक्के खरं — या टाकीत भूत आहे. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे, पाहिलं नाही, भूत दिसतं का कधी? ऐकलंय. ते चालू करायचं बटण राहू द्या हो जरा! तुमचा प्रोग्राम पडद्यावर आत्ता हिरवा झालाय, मागाहूनही हिरवाच असेल. हसताय? अख्खा कारखाना मला थापाड्या म्हणतो, मान्य — पण रंग ढवळायच्या या टाकीपाशी अर्धी हयात गेली माझी. आधी धुवायला लागेल तेवढा वेळ घ्यायचो. आता तुमचा प्रोग्राम पडद्यावरच ठरवतो — वेळ संपली, टाकी धुतली, चालू करा. धुणारा कुठवर आलाय, विचारतो थोडाच? भुताला ते खपत नाही, मग ते आतून खोकतं. — ऐकलंत? ऐकलंत ना! थिनरचा वास त्यालाही सोसत नाही बिचाऱ्याला. अहो, झाकणाकडे कुठे निघालात? बसा, चहा सांगतो. तसं गरीब आहे हो ते. दोन लेकरं आहेत त्याला — का, भुताला लेकरं नसावीत? आमच्या हिनं तर त्याला कडेवर खेळवलंय... म्हणजे... नको! साहेब, हात काढा बटणावरून! मेहुणा आहे माझा आत! हिचा धाकटा भाऊ. ढवळायची पाती खरवडतोय. मेन स्विचला कुलूप लावलं नाही त्यानं — लावलं की तुमचा प्रोग्राम टाकी बंद धरतो, सगळ्यांची कामं दुसरीकडे वळवतो, आणि उशीर कुणाच्या नावावर? कुलूपवाल्याच्या! एकदा लागलाय त्याच्या नावावर, परत लागला की घरी बसा. म्हणून म्हणाला, "दाजी, बटणापाशी उभे राहा. कोणी आलं तर काहीतरी ठोकून द्या, तुम्हाला जमतं." दिलं ठोकून. जाऊ दे त्याची नोकरी, हिचं तोंड मी ऐकून घेईन — पण बटण नको. भूत तेवढं माझं, साहेब. खोकला खरा. — असे का बघताय? येतोय की आवाज, आत्ता तर... अरे ए धाकट्या! धाकट्या! — साहेब, तो लाल मेन स्विच पाडा, पाडा आधी — मी झाकण बघतो — श्श्, बोलू नका. खोक रे. एकदा खोक ना.