वहिनीचा एकच प्रश्न

अरे, आमच्या वहिनीनं परवा कमालच केली! सुरतच्या उधन्यात तिचं साड्यांवरच्या भरतकामाचं काम जोरात चालतं. पण वेबसाइट बनवणाऱ्यानं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, स्वतःच्या नावावर घेतलं आणि भांडण झाल्यावर दिलंच नाही. म्हणून नवं डोमेन घेण्याआधी तिनं ते विकणाऱ्या कंपन्यांना स्वतः फोन लावले.

"उद्या आपलं पटलं नाही, तर माझं नाव घेऊन मला जाऊ द्याल का?"

दोन ठिकाणी नुसती टाळाटाळ. तिसरीकडची बाई म्हणाली, "डोमेन तुमच्याच नावावर राहील ताई, हवं तेव्हा दुसरीकडे न्या. पण यायच्या आधीच जायचं विचारताय?"

वहिनी आनंदानं जवळजवळ ओरडलीच, "लग्नात विचारायचं राहिलं ना, आता कुठेही विचारूनच घेते!"

शेजारी बसलेल्या दादाला चहाचा असा ठसका लागला!