मिटलेल्या डोळ्यांचे फोटो

हॅलो?... हां, ललित. अरे, किती वेळा लावला फोन... कुठे आहेस? मुक्ताईनगरला पोचलास? हळद सुरू झाली?... अरे, ऐक ना आधी. कॅमेरा खाली ठेव. हो, ठेव म्हणते ना.

आपल्या मदतनिसाशी, ललितशी बोलत हेमांगी फोन घेऊन स्टुडिओच्या मागच्या खोलीत शिरली. जळगावात लग्न ठरलं की लोक हॉलच्या आधी फोटोंसाठी तिची तारीख घ्यायचे, एवढं तिचं नाव. आणि आज बाहेर सोफ्यावर फैजपूरचे कौतिकआबा आणि त्यांची लेक नूतन बसली होती, मांडीवर परवाच पोचवलेला लग्नाचा अल्बम. पंखा फिरत होता तरी हेमांगीला घाम फुटला होता.

कोण म्हणजे? नूतन. एकवीस तारखेचं लग्न... हो, ते केळीवाले कौतिकआबा, त्यांचीच. अरे, अल्बममध्ये आबा नाहीत... नाहीत म्हणजे नाहीत. चाळीस पानं मी दोनदा उलटली. आई आहे, मामा आहेत, आचारीसुद्धा आहे. मुलीचा बाप तेवढा कुठे नाही.

काय बोलतोस? फोटो मी नाही निवडले, तू नाही निवडलेस. सॉफ्टवेअरने निवडले... हां, तेच. आता जरा डोकं चालव. आबांचे डोळे कसे आहेत?... पडला उजेड?

कौतिकआबा जन्मापासून आंधळे, पापण्या कायम मिटलेल्या. आणि पाच हजारांतून बरे फोटो वेचणाऱ्या त्या सॉफ्टवेअरला हेमांगीनेच सांगून ठेवलं होतं, डोळे मिटलेला माणूस दिसला की फोटो बाद. तीन दिवसांचं काम अर्ध्या तासात व्हायचं. सीझनभर बाई त्याचे गोडवे गात फिरत होत्या, घ्या आता.

नाही रे, बॅकअपलाही निवडलेलेच ठेवले. डिस्क भरली, बाकीचे उडव, असं मीच म्हटलं होतं... मीच, तुला कुठे काय म्हणतेय... मोबाइलवरचे आहेत त्यांच्याकडे, सगळे हललेले. त्यासाठी आपल्याला बोलावलं होतं का?

बरं, ते जाऊ दे. त्या लग्नाचं मोठं मेमरी कार्ड कुठे आहे?... तुझ्या कॅमेऱ्यात? आत्ता?... आणि फॉरमॅट कधी केलंस?... सकाळी. हं.

अल्बम गिऱ्हाइकाच्या हातात पडल्याशिवाय कार्ड मोकळं करायचं नाही, हा नियमही तिचाच. परवा अल्बम पोचला, आज सकाळी ललितने नियमाप्रमाणे कार्ड पुसलं. त्याला शिव्या तरी कोणत्या तोंडाने घालायच्या? पुसलेल्या कार्डातून फोटो परत काढता येतात, पण वर नवे बसले की जुने कायमचे जातात. आणि तिकडे हळद लागत होती.

किती काढलेस?... एकशे चाळीस? अरे देवा... थांब, मोजू दे. सुरुवातीचेच गेले असतील. कन्यादान नंतरचं आहे... तू कार्ड काढ. आत्ता. दोन मिनिटं हळद थांबव, नवरीच्या काकूंना सांग, बॅटरी बदलतोय म्हणून... तुझं ते 'बठ्ठं व्हई जाई', सगळं होऊन जाईल, ते धुळ्याला घरी गेल्यावर कर, देवपुरात. काढलंस? हातात आहे?... खिशात नको रे, डबीत ठेव. दुसरं घाल. आणि लॅपटॉपला लावायचं नाही, एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचं नाही. तू स्वतः घेऊन यायचंस. तुझे हळदीचे त्यातच आहेत, माहितीये मला, तेही काढू.

काय?... मोबाइलवरचा घ्यायचा, साफ करायचा... आणि डोळे उघडे करायचे? कोणाचे डोळे लावणार आहेस, ललित? त्यांनी उभ्या जन्मात उघडले नाहीत ते.

त्यांना काय दिसणार आहे... हो, माहितीये. ऐक, ती पोरगी काय करतेय ते ऐक. परवापासून आबा पान उलटतात आणि विचारतात, यात कोण आहे. ती सांगते, यात तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलाय. यात तुम्ही फेटा सावरताय. चाळीसच्या चाळीस पानं, मनाने. आबांना वाटतंय, कन्यादानाचा फोटो भिंतीवर लावायला मोठा करून घ्यायला आलोय. आणि ही मघाशी माझ्या कानात म्हणते, ताई, त्यांना कळू देऊ नका.

हेमांगी खुर्चीत बसली, उठली, परत बसली. खरं सांगायचं तर तिलाही तेच हवं होतं. गप्प बसायचं, कार्डातून जे निघेल ते छापून द्यायचं, न निघालं तर नूतन आहेच सांगायला. नाव शाबूत राहिलं असतं. स्वतःची लाज वाटली तिला, पण विचार काही डोक्यातून हलेना.

तू म्हणतोस तसं गप्पच बसू का मग?... नाही, म्हणजे आजच्यापुरतं... थांब. थांब जरा, ललित.

आबा आलेत आत... हो. माझं सगळं ऐकलंय त्यांनी.

आबा चौकटीला धरून उभे होते. मागे नूतन, रडवेली. आबा चिडले असते तर हेमांगीला हलकं वाटलं असतं. पण ते चिडले नाहीत, त्यांनी हळू आवाजात एक गोष्ट विचारली.

नाही रे, ओरडत नाहीयेत. विचारताहेत... विचारताहेत, कन्यादान करताना मी कसा दिसत होतो. म्हणतात, पोरीने सांगितलं ते माया म्हणून सांगितलं. तू समोर उभी होतीस, तू बघितलं असशील.

हेमांगीने आठवून पाहिलं. मंडप आठवला. मागून येणारं ऊन आठवलं, ते आवरायला बदललेली सेटिंग आठवली. तिचा कॅमेरा माणसाचे डोळे शोधून त्यावर फोकस बसवतो. त्याची हिरवी चौकट आबांच्या चेहऱ्यावर ठरेना, म्हणून तिने कॅमेरा नवरदेवाकडे वळवला होता. तेही आठवलं.

ललित... तू डाव्या बाजूला होतास ना? तुला आठवतो का रे आबांचा चेहरा?... आठव ना. हसत होते, रडत होते, काहीतरी... बरं.

नाही, मलाही नाही. कार्डात निघेल की नाही, तेही माहीत नाही आता... ठेवते मी. त्यांना हेच सांगायचंय.