फुटिराला शुभेच्छा

गुरुजी : माईक खाली ठेव. आधी खाली ठेव, मग बोलू.

किरिको : ठेवला सर. बटणही बंद केलंय.

(शिओबे गाव, नगरपरिषदेच्या प्रचाराची शेवटची संध्याकाळ. बंदराच्या अरुंद रस्त्यात मधोमध भोंगा लावलेली एक प्रचारगाडी. गाडी चालवणारे पक्षाध्यक्ष हिरानुमा गुरुजी, शेजारी उमेदवार मित्सुए, मागच्या सीटवर पांढरे हातमोजे घातलेली, भाड्यानं आणलेली निवेदिका किरिको.)

मित्सुए : गुरुजी, असा करकचून ब्रेक मारतात का? चहा सगळा अंगावर आला माझ्या.

गुरुजी : चहा वाळेल. हिनं आत्ता काय केलं ते ऐकलंस ना?

मित्सुए : ऐकलं की. समोरच्या वळणावर नागासेची गाडी भेटली, धक्क्याकडं निघालेली. ही म्हणाली, ‘उमेदवार नागासे यांना शुभेच्छा, शेवटपर्यंत जोमानं लढा.’ त्यांनीही आपल्याला तेच म्हटलं. हात हलवले, गेले. रोजचंच आहे.

गुरुजी : रोजचं नाही. आपल्या भोंग्यावरून, आपल्या पक्षाच्या गाडीतून, नागासेला शुभेच्छा दिल्या गेल्या.

किरिको : सर, दोन प्रचारगाड्या समोरासमोर आल्या की एकमेकींना शुभेच्छा द्यायच्या, ही रीत आहे. मी सगळ्या पक्षांसाठी हे काम केलंय. आजवर कुणी त्यासाठी गाडी थांबवली नाही.

गुरुजी : सगळ्या पक्षांसाठी. ऐक मित्सुए, सगळ्या पक्षांसाठी.

मित्सुए : मग काय करायचं होतं? आपल्या पक्षात गोड आवाजाचं उरलंय कोण? गेल्या निवडणुकीत तुम्ही माईक घेतलात, तर लोकांना वाटलं वादळाचा इशारा आला. माणसं होड्या बांधायला धावली.

गुरुजी : विषय भरकटवू नकोस.

किरिको : सर, एक विचारू का? सकाळी मासळीबाजारापाशी ओनोदेरा यांची गाडी भेटली. वीज कंपनीचे उमेदवार. त्यांनाही मी अगदी याच शब्दांत शुभेच्छा दिल्या. तेव्हा तुम्ही स्वतः मान झुकवलीत.

गुरुजी : ओनोदेरा शत्रू आहे. शत्रूला शुभेच्छा देणं ही सभ्यता झाली.

किरिको : आणि नागासे?

गुरुजी : नागासे फुटीर आहे.

किरिको : म्हणजे शत्रूपेक्षा वाईट?

गुरुजी : अर्थात. शत्रू कुठं उभा आहे ते आपल्याला ठाऊक असतं.

मित्सुए : नागासे कुठं आहे तेही ठाऊक आहे. हमामात. गळ्यापर्यंत गरम पाण्यात.

किरिको : हे हमामाचं काय प्रकरण आहे? प्रचार सुरू झाल्यापासून ऐकतेय, पण विचारायची हिंमत होत नाही.

मित्सुए : अगं, कंपनीनं इथं अणुवीज केंद्र बांधलं ना, तेव्हा गावानं कुरकुर करू नये म्हणून एक सार्वजनिक हमाम बांधून दिला. झकास आहे म्हणतात. समुद्राकडं मोठी काच आहे, म्हाताऱ्यांना धरायला कठडे आहेत. तर आमच्या पक्षानं ठराव केला, सभासदानं त्या पाण्यात पाय घालायचा नाही.

गुरुजी : एकमतानं ठराव झाला होता. नागासेनंही हात वर केला होता.

मित्सुए : केला होता. मग आला आमच्या धरणे आंदोलनाचा हिवाळा. केंद्राच्या फाटकासमोर गुरुजी आणि नागासे, एका घोंगडीत दोघं, गारठलेल्या जमिनीवर. त्यात नागासेची कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, रोज गरम पाण्यात बसा. आता आमच्या घरांतल्या टबात गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागतं, तिथं कंबर कशी सुटणार? म्हणून गेला बिचारा हमामात.

किरिको : मग त्यात फूट पडण्यासारखं काय आहे?

मित्सुए : तो गुपचूप गेला असता तर काही नसतं. पण याला तिथं सगळं गाव भेटलं. परत येऊन बैठकीत म्हणाला, माणसं तिथं निवांत बसलेली असतात, अंगावर कपडे नसले की कोणी मुकादम नाही आणि कोणी साहेब नाही. दुसऱ्या अणुभट्टीविरुद्ध बोलायला याच्यासारखी जागा नाही. कोळ्यांचा म्होरक्या आपल्याकडं वळला तो तिथंच, डोक्यावर टॉवेल ठेवून.

गुरुजी : कंपनीच्या पाण्यात बसून कंपनीविरुद्ध भाषण. याला ढोंग म्हणतात.

किरिको : आणि त्यावरून त्यांना पक्षातून काढलं?

गुरुजी : काढलं नाही. रीतसर चौकशी समिती नेमली होती. तो स्वतः सोडून गेला.

मित्सुए : समितीत एकटे गुरुजी.

गुरुजी : समिती दोघांची होती. दुसरा सदस्य नागासेच होता, त्याला त्याच्याच चौकशीला कसं बसवणार?

किरिको : बरोबर आहे सर. अवघड आहे.

मित्सुए : हसू नकोस पोरी, पुढं ऐक. तो गेला आणि त्यानं ‘नवा स्वच्छ किनारा पक्ष’ काढला. लगेच गुरुजींनी आपल्या ‘स्वच्छ किनारा पक्षा’च्या पाटीवर पुढं ‘मूळ’ जोडलं. आता माझ्या टोफूच्या दुकानात येणाऱ्या बायका विचारतात, मित्सुए, तू नवी की मूळ? मी सांगते, टोफू ताजा आहे, तेवढं बघा.

गुरुजी : तुला ही थट्टा वाटते.

मित्सुए : वाटत नाही. रात्री झोप लागत नाही मला. सगळ्या गावाचा मतदारसंघ एकच, जागा अनेक, मत मात्र माणशी एक, म्हणून तुम्हीच आखून दिलं होतं ना गुरुजी, बंदर माझं आणि डोंगराकडची वरची वस्ती नागासेची. त्यानं इकडं फिरकायचं नाही, मी तिकडं जायचं नाही. मतं नीट वाटली गेली, दोघं निवडून आलो. आता तो बंदरात घुसतो म्हणून आपण वर जातो, आपण वर जातो म्हणून तो बंदरात येतो. घरं तीच, मतं तीच. उद्या दोघंही पडू.

गुरुजी : पडलो तरी स्वच्छ पडू.

मित्सुए : आणि ओनोदेरा हसत हसत आत जाईल. उन्हाळ्यात दुसऱ्या भट्टीचा ठराव येईल, तेव्हा सभागृहात ‘नाही’ म्हणायला कोण असेल? मला स्वच्छ पडायचं नाही गुरुजी, मला निवडून यायचंय. स्पष्टच सांगते.

गुरुजी : ते नंतर. आधी ही चूक निस्तरायची. किरिको, माईक घे आणि जाहीर कर, की उमेदवार नागासे यांना मघाशी दिलेल्या शुभेच्छा पक्ष परत घेत आहे.

किरिको : परत?

गुरुजी : परत.

किरिको : सर, मला चहावाल्याचे आभार मानता येतात, पावसात उभ्या राहणाऱ्यांचे आभार मानता येतात, खिडकीतून हात हलवणाऱ्या आजींना उत्तर देता येतं. दिलेल्या शुभेच्छा परत कशा घेतात ते मला कुणी शिकवलं नाही. आणि तसं मी बोलणारही नाही.

गुरुजी : मग गाडी इथून हलणार नाही. ही किल्ली काढली. मी चालत घरी जातो.

मित्सुए : गुरुजी, प्रचार संपायला जेमतेम तास राहिलाय. मला सायकलपलीकडं काही चालवता येत नाही, हिच्याकडं परवाना नाही. माझी निवडणूक या किल्लीबरोबर खिशात घालून निघालात की तुम्ही.

गुरुजी : पक्षात राहायचं तर तत्त्व पाळावं लागतं.

मित्सुए : असं म्हणता? मग बसा जरा. उतरू नका. तत्त्वाचंच सांगते. या भोंग्याची बॅटरी तुम्ही कुठं भरता?

गुरुजी : माझ्या छपरावरच्या सौर पाट्यांवर. सगळ्या गावाला माहीत आहे. कंपनीच्या विजेचा एक कण या भोंग्यात जात नाही.

मित्सुए : आणि हा अख्खा आठवडा पाऊस आहे.

गुरुजी : म्हणून तर मी म्हटलं होतं, आवाज जपून वापरा.

मित्सुए : जपून काय जपून. दुसऱ्या दिवशीच भोंगा मेलेला. तेव्हापासून रोज रात्री मी ती बॅटरी दुकानात नेते आणि सोयाबीन दळायच्या यंत्राशेजारच्या प्लगला लावते.

गुरुजी : कंपनीच्या विजेवर?

मित्सुए : आपल्या गावात दुसऱ्या कुणाची वीज येते?

गुरुजी : म्हणजे काल फाटकासमोर मी जे भाषण केलं…

मित्सुए : कंपनीच्याच विजेवर कंपनीला झोडपलंत. पार धक्क्यापर्यंत खणखणीत ऐकू आलं. लोक म्हणत होते, गुरुजींना या वयात काय आवाज लागलाय.

गुरुजी : तू मला सांगायला हवं होतंस.

मित्सुए : सांगितलं असतं तर चौकशी समिती नेमली असतीत. आता नेमा. मी गुन्हा कबूल करते.

किरिको : सर, मी बाहेरची आहे, पण हिशेब करते. नागासे गेले. मित्सुएताई आता दोषी. मग पक्षात उरलं कोण?

मित्सुए : गुरुजी.

किरिको : पण भाषण तर त्यांनीच केलं, त्याच विजेवर.

मित्सुए : अगं हो की. गुरुजी, तुमच्या चौकशीला कोण बसणार?

गुरुजी : तत्त्व एकट्यानंही पाळता येतं.

मित्सुए : येतं. पण घोंगडीत दुसरं कोणी नसलं की थंडी फार वाजते. तुम्हाला वाजते, मला दिसतं. नागासे गेल्यापासून तुम्ही दुकानात येता, एकच टोफू घेता आणि दोन माणसांच्या गप्पा एकटे मारून जाता.

गुरुजी : मी टोफूची चौकशी करतो.

मित्सुए : तीस-तीस मिनिटं?

किरिको : सर, समोर दिवे दिसताहेत. गाडी परत येतेय.

गुरुजी : कोणाची?

किरिको : नागासे यांची. धक्क्याचं टोक आलं म्हणून वळवून आणली असणार. आपण रस्ता अडवून उभे आहोत.

गुरुजी : उभे राहू. सरकायचं असेल तर त्यानं सरकावं.

नागासे (समोरच्या भोंग्यावरून) : मूळ स्वच्छ किनारा पक्षाच्या उमेदवार मित्सुए यांना पुन्हा एकदा शुभेच्छा. गाडी बंद पडली का तुमची? माझ्या मुलीचा आवाज बसला म्हणून मीच बोलतोय, मीच चालवतोय. हिरानुमा, तू आहेस का आत?

मित्सुए : आहेत म्हणून सांगू का?

गुरुजी : गप्प बस.

नागासे (भोंग्यावरून) : आहेस तर ऐक. मी धक्क्यापर्यंत दारादारापुढं गाडी थांबवत जाऊन आलो. सगळीकडं एकच उत्तर, आम्ही मित्सुएचा टोफू खातो, तिलाच मत देणार. दारापुढं थांबून उगाच त्यांना संकोचात टाकलं मी. चूक झाली. बंदरकरहो, तुम्ही बिनघोर मित्सुएला मत द्या. मी वर माझ्या लोकांकडं जातो. आता एवढी गाडी बाजूला घ्या कोणीतरी.

मित्सुए : ऐकलंत? गुरुजी, ऐकलंत का? दुसऱ्या पक्षाच्या भोंग्यावरून माझा प्रचार केला त्यानं.

गुरुजी : पक्षशिस्त म्हणून काही त्याला कधी नव्हतीच.

किरिको : सर, खिडक्या उघडल्यात. जाळ्यांच्या शेडमधून माणसं बाहेर आलीत. त्यांनी शुभेच्छा दिल्या, आपण गप्प आहोत. रीतीला धरून हे बरं दिसत नाही.

गुरुजी : मी सांगितलंय. तू त्याला शुभेच्छा द्यायच्या नाहीत.

किरिको : नाही देणार सर. मी पक्षाची नाही, माझ्या बोलण्याला काय किंमत? हा घ्या माईक. बटण अंगठ्याखाली आहे.

गुरुजी : मी? मी काय बोलू?

मित्सुए : मला विचारू नका, मी दोषी आहे.

गुरुजी (भोंग्यावरून) : नागासे. हिरानुमा बोलतोय.

नागासे (भोंग्यावरून) : ओळखला आवाज. होड्या बांधायला सांगू का?

गुरुजी (भोंग्यावरून) : तू गाडी मागं घेऊ नकोस. तुला मागं घेता येत नाही. धरण्याच्या वेळी तू आपली गाडी भातखाचरात घातली होतीस, मी अजून विसरलो नाही. आहेस तिथंच थांब. मी मागं घेतो.

मित्सुए : तुम्ही मागं घेणार?

गुरुजी : ही माघार नाही. ही वाहतूक आहे.

किरिको : माईक चालूच आहे सर. सगळ्या बंदरानं ऐकलं.

मित्सुए : टाळ्या वाजवताहेत की लोक.

गुरुजी (भोंग्यावरून) : टाळ्या नकोत. रस्ता मोकळा करा. आणि नागासे…

नागासे (भोंग्यावरून) : बोल.

गुरुजी (भोंग्यावरून) : कंबर कशी आहे?

नागासे (भोंग्यावरून) : बरी आहे. आता खाली वाकून बूट घालता येतात.

गुरुजी (भोंग्यावरून) : मग ठीक. वर चढण आहे, सावकाश जा.

मित्सुए : शुभेच्छा राहिल्या गुरुजी.

गुरुजी : एवढं बोललो ते काय होतं?

किरिको : तेच होतं सर. माझ्यापेक्षा चांगलं होतं. माईक द्या इकडं. मागं डावीकडं टोपल्या आहेत, जरा उजवीकडं घ्या. अजून. पुरे. ते निघाले, हात हलवताहेत.

मित्सुए : नागासेची मुलगी रडतेय की हसतेय, कळत नाही या काचेतून. मला तर दोन्ही येतंय. चला गुरुजी, बंदराची गल्ली एकदा नीट फिरवा. किरिको, नाव घे माझं, असं घे की टोफू उकळायचा थांबला पाहिजे.

किरिको : मित्सुए, मित्सुए, टोफूवाल्या मित्सुए. बंदराच्या मित्सुए. दारात आलेल्या आजींचे आभार. होडीतून हात हलवणाऱ्या काकांचे आभार. मित्सुए यांना साथ द्या.

गुरुजी : जरा जोरात. बॅटरी आहे ना भरलेली.

मित्सुए : गुरुजी, आज वळायचं नाही का? वरच्या वस्तीचा रस्ता डावीकडं राहिला की.

गुरुजी : राहू दे. तिथं नागासे गेलाय.