तिसरी हाक

तीन आठवडे मला धड झोप नव्हती, कारण केतकी हाकेला ओ देत नव्हती.

पाच वर्षांची मुलगी. एकदा हाक मारली, काही नाही. दुसऱ्यांदा मारली, काही नाही. मग मी चिडून तिसऱ्यांदा ओरडले की मान वळवायची, जणू मी आत्ताच खोलीत आले. पुण्यात कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसवलं, आणि मलाही ऐकू न येणाऱ्या आवाजांना तिने बोट वर केलं. "कान उत्तम आहेत, तुमच्यापेक्षा चांगले असतील," ते म्हणाले. मी हसले, फी भरली आणि त्या रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइलवर वाचत बसले. चांगली एम.एस्सी. झालेली बाई मी. रात्री दोन वाजता मोबाइलवर निरोगी मूल कुणालाच सापडत नाही, एवढं कळायला हवं होतं.

डिसेंबरात सासरी, कराडच्या बाजूला, हुरड्याला गेलो तेव्हा ही काळजी मी सोबत नेली, स्वेटरांच्या खाली घडी करून.

नदीकाठच्या रानात शेणकुटांची आगटी पेटवली होती. कणसं भाजून, हातावर मळून हुरडा खाऊन झाला, अंधार पडला, तरी कुणी उठेना. सगळे हिंदुरावआप्पांच्या तोंडाकडे बघत होते. आप्पा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. फौजेतून हवालदार होऊन आलेले, पंचाहत्तरी गाठलेले. दरवर्षी याच आगटीपाशी ते एकच भुताची गोष्ट सांगतात. शेती बघणारा त्यांचा पुतण्या सर्जेराव दरवर्षी मध्ये मध्ये बोलतो, आणि आप्पा त्याला दरवर्षी गप्प बसवतात.

केतकी माझ्या मांडीवर होती. घाबरली तर आत न्यायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं.

"आप्पा, औंदा यष्टी येळंवर आली का?" सर्जेरावने सुरुवात केली.

"तू गप. आज बोलला न्हाईस तर दाढ दुखंल व्हय तुझी?" आप्पांनी आगटीत काडी घातली. "हां. ऐका. बाहात्तर साल. मी सुट्टीवर आल्यालो. शेवटच्या यष्टीनं फाट्यावर उतरलो तवा अकरा वाजून गेल्यालं. अंगात फौजेचा कोट, डोस्क्यावर ट्रंक. सडकंनं गाव तीन मैल. आन ह्या बाभळीच्या उतारानं, नदीतनं, एक मैल. आता सांगा, शाना मानूस कुठनं जाईल?"

"सडकेनं," पोरं म्हणाली.

"आन मी कुठनं गेलो?"

"उतारानं."

"उतारानं. ऐका. आवस न्हवती. उगं खोटं कशाला बोलू? चांदनं हुतं. पन धुकं असं, की चांदन्याचं पार ताक झाल्यालं. पान्यात पाय घातला. गुडघ्याएवढं पानी. मधोमध आलो. आन मागं वाजलं. छप. मी थांबलो. ते थांबलं. मी चाललो. छप, छप. म्हशीचा पाय न्हवं त्यो. कुत्र्याचा न्हवं. बुटाचा. बुटात पानी भरलं की कसं वाजतं, ते फौजंतल्या मानसाला इचारा. मी वळलो. कोन न्हाई."

"मासा आसंल," सर्जेराव म्हणाला.

"बूट घातल्याला मासा. आनून दाव मला. ऐका रं. मग पल्याडच्या काठाला काडी पेटली. बिडी पेटवावी तशी. इझली. लगेच अल्याडला पेटली. इझली. नदी तर कुनी वलांडली न्हाई. पानी हाललं न्हाई. माझं पाय असं गार, की हायत का न्हाईत कळंना. आन मग हाक आली. 'हिंदुऱ्याऽ.'"

आप्पा थांबले. केतकीने माझं बोट धरलं.

"आता आमची म्हातारी, म्हंजी माझी आजी, काय सांगायची?"

"रातच्याला पयल्या हाकंला ओ द्यायची न्हाई," सगळे एका सुरात म्हणाले.

"न्हाई द्यायची. दुसऱ्या हाकंला?"

"न्हाई द्यायची."

"भूत दोनदाच हाक मारतंय. तिसरी हाक त्याच्या तोंडात न्हाई. तिसरी आली तरच मानूस."

हे वाक्य मी केतकीला सांगितलं होतं. दिवाळीत. फ्लॅटची बेल वाजली की ही पळत जाऊन दार उघडायची. समजावलं, रागावले, काही उपयोग झाला नाही, म्हणून शेवटी आप्पांची आजी कामाला लावली. कुणी हाक मारली तरी तिसरी हाक येईपर्यंत हलायचं नाही, भूत असतं. दिवाळीत मी हे सांगितलं आणि नोव्हेंबरात तिचे कान तपासून आणले. धैर्यशीलकडे, म्हणजे नवऱ्याकडे, बघायची हिंमत झाली नाही. कानाच्या डॉक्टरांकडे जायचा हट्ट माझा होता.

"दुसरी हाक आली," आप्पा सांगत होते. "'हिंदुऱ्या, आरं.' कानाच्या पाळीला वारं लागावं इतक्या जवळनं. मी ट्रंक टाकली पान्यात आन जे पळालो, ते येशीच्या मारुतीपाशी जाऊन पडलो. सकाळी चार मानसं घिऊन ट्रंक काढाया आलो. तर ट्रंक काठाला. कोरडी. म्हनून सांगतो, अंधार पडल्यावर त्या वाटंनं जायचं न्हाई. कितीबी उशीर होऊ द्या. सडकंनं जावा."

गोष्ट दरवर्षी इथेच संपते. बायका पदर झटकून उठायला लागल्या.

"आई," केतकी म्हणाली.

मी तिचा चेहरा बघत होते. घाबरली आहे का, ताप तर नाही ना.

"आई."

"काही नाही गं, गोष्ट असते ती," मी तिच्या कपाळाला हात लावत, दुसरीकडे बघत म्हणाले.

"आई."

"काय गं?"

"भुताला आप्पाआजोबांचं नाव कसं माहीत?"

ती हळू बोलली होती, पण आगटीपाशी तेव्हा नेमकं कुणी बोलत नव्हतं. सर्जेराव हसला. आप्पा हसले नाहीत. त्यांनी हातातली काडी मोडली, दोन्ही तुकडे विस्तवात टाकले.

"पन्नास वर्सं सांगतोय मी ही गोष्ट," ते म्हणाले. "कुनी इचारलं न्हाई. बसा. बस रं सर्जा. माहीत हुतं त्याला. दगडू हुता त्यो."

"कोन दगडू?"

"दगडू पिसाळ. आमच्या न् त्यांच्या घरात एकच भिंत. त्याला आजी न्हवती, म्हनून माझ्याच आजीच्या वाकळंत झोपायचा. एका अंगाला मी, एका अंगाला त्यो, मधी म्हातारी. आन ती सांगायची, दोन हाकांला ओ द्यायची न्हाई. दोघंबी ऐकायचो. एकाच दिवशी भरती झालो. एकाच पलटनीत."

सर्जेराव खाली बसला.

"एकाहत्तरचा डिसेंबर. बंगालात हुतो. तिथली नदी म्हंजी आपल्यागत न्हवं, पल्याडचा काठ दिसायचा न्हाई. आमची अकरा मानसं टेहळनीला पल्याड गेली आन दुश्मनानं माघारी फिरायची वाट तोडली. होड्या फोडल्या. ती अकरा एका इटभट्टीत आडकली. दगडू त्यांच्यातच. उजाडलं की तोफा लावून भट्टी उडवनार, हे शेंबडं पोर सांगंल. रातीतच काढायला पायजे हुतं. आन आमच्याकडं होडी न्हाई."

"मग?"

"मग एक मानूस आला. तिथल्याच लोकांतला. मुक्तिबाहिनीचा. लुंगी, अंगात फाटका सोटर. छातीला हात लावून म्हनला, 'आमि माझी.' आम्ही एकमेकांची तोंडं बघतोय. एकजन म्हनला, आरं माझी काय? बायकू? म्हस?" कुणीतरी हसलं, आणि आप्पाही थोडंसं. "तिकडं माझी म्हंजी नावाडी. जोशिम नाव त्याचं. गावातल्या लोकांनी एक होडी तळ्यात दगडं घालून बुडवून ठिवल्याली, दुश्मनाच्या हाताला लागू नये म्हनून. ती बायाबापड्यांनी कमरंएवढ्या पान्यात उभं राहून काढली. वल्ह्यांना तागाच्या चिंध्या बांधल्या, आवाज नको म्हनून. नावाडी न् बरुबरचा एक सोडून होडीत चार मानसं मावत्यात. बरुबर कोन जानार? मी म्हनलं, मी."

आगटीत एक कणीस फुटलं. आप्पांनी तिकडे पाहिलं नाही.

"पयल्या खेपंला चार आनली. दुसऱ्या खेपंला चार. ऱ्हायली तीन. तिसऱ्या खेपंला गेलो तवा धुकं दाटलं. असं, की माझा हात मला दिसंना. काठाला लागलो. दोघं आली. एकाला शुद्ध न्हवती, दुसऱ्यानं त्याला वडत आनल्यालं. मी म्हनलं, दगडू? त्यो म्हनला, दगडू गेला. मागं मशिनगन घिऊन पडल्याला, आमाला वाट करून देत. माझ्या डोळ्यादेखत गोळी बसली. चल."

"मी होडीत बसलो. जोशिमनं बांबू लावला. आन हाक आली. 'हिंदुऱ्याऽ.'"

पोरं एकमेकांना चिकटून बसली.

"माझं रगात गोठलं. मेल्याला मानूस हाक मारतोय. नदीचा काठ, वर तिथलं मसनवटं. मी जोशिमकडं बघतो, तर त्याचंबी तोंड पांढरं. हळूच म्हनला, 'निशि.' म्हंजी त्यांच्याकडचं रातचं हाका मारनारं भूत. आन दोन बोटं दाखवली. 'दुई बार,' म्हनला. मग तीन बोटं दाखवली आन मान हालवली. मला एक शब्द सांगावा लागला न्हाई. त्याच्या मुलखातबी त्येच. त्याच्या आजीनंबी त्याला त्येच सांगितल्यालं. हज्जार मैल लांब, बोली येगळी, धरम येगळा, आन आज्ज्या एकच."

"आम्ही थांबलो. दोघंबी. तिसऱ्या हाकंसाठी."

"आली?" सर्जेरावने विचारलं. आवाज अगदी लहान होता.

"दुसरी आली. बाजूनं. जरा जवळनं. 'हिंदुऱ्या, आरं.' बास. लई वाट बघितली मी. बांबूला हात लावू दिला न्हाई जोशिमला. मग दुश्मनानं उजेडाचा गोळा सोडला आभाळात आन गोळ्या सुरू झाल्या. निघालो."

"दोन दिसांनी पलटन पल्याड गेली. दगडू लव्हाळ्यात घावला. होडी जिथं लागल्याली तिथनं वीस पावलांवर. बूट पान्यात. मागं चिखलात सरपटत आल्याचा वळ. धुक्यात होडी दिसंना म्हनून हिकडनं तिकडं सरपटला. म्हनून हाक बाजूनं आली. मूठ मिटल्याली, आत काड्याची पेटी. उजेड दावायचा आसंल. भिजल्याली."

आक्का, म्हणजे आप्पांची बहीण, तोंडाला पदर लावून बसली होती. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

"साहेब म्हनलं, तू गप बसलास ते बरं केलंस. ओ दिली असतीस तर आवाजावर गोळी आली असती, दगडू धरून पाचीच्या पाची गेला असता. खरं हाय. पन मी काय गोळीला भिऊन गप न्हवतो बसलो."

"वाचला असता का, आप्पा?" धैर्यशीलने विचारलं.

"डॉक्टर म्हनला, कदाचित. तेवढंच म्हनला." आप्पांनी तळहात गुडघ्यावर पुसले. "एक सांगतो. त्यालाबी ठावं हुतं, मी तिसऱ्या हाकंची वाट बघनार. एकाच वाकळंतली आम्ही पोरं. त्यानं तिसरी मारली असती. निघाली न्हाई."

मग आप्पा पुढे बोलले, पण गोष्ट सांगायच्या आवाजात नाही.

"त्या वाटंनं जाऊ नका म्हनतो, ते तुमच्या भल्यासाठी न्हवं. दर डिसेंबरात मी उतारावर जातो. रातच्याला. मधोमध उभा ऱ्हातो. आनि कुनी मधी कडमडू नये म्हनून म्हनतो. त्या सालानंतर हाक आली न्हाई. तरी मी आपला ओ म्हनून येतो."

"आन ट्रंक?" सर्जेरावने विचारलं. चिडवायला नाही.

"ती काठावरच हुती. ऐका एवढं. त्यानं काढून ठिवली आसंल. त्याचं सामानबी त्यातच हुतं, घरी द्यायचं."

आप्पा उठले. कुणी हात दिला नाही. त्यांना तो आवडत नाही.

घराकडे परतताना पाटाच्या कडेने केतकी पुढे बॅटरी घेऊन चालली होती. मी ठरवलं होतं, आजच हे निस्तरायचं. भूतबित काही नसतं, आई चुकली, असं सरळ सांगायचं. पुस्तकात लिहितात तसं, मुलाच्या उंचीला वाकून.

"केतकी," मी हाक मारली.

बॅटरी पुढे जात राहिली.

"केतकी, थांब."

नाही. मला रडू येईल असं वाटलं. धावत जाऊन मी तिच्यासमोर वाकले.

"बाळा, मी दिवाळीत ते सांगितलं ना, दोन हाकांना ओ द्यायची नाही म्हणून? ते खोटं होतं. आईने घाबरवायला सांगितलं होतं. आता पहिल्या हाकेलाच ओ द्यायची. म्हणून देत नव्हतीस ना तू?"

तिने बॅटरी माझ्या तोंडावर धरली. विचार केला.

"नाही," ती म्हणाली. "मी हाक मारली की तू तिसऱ्यालाच ओ देतेस, म्हणून."