साहेबाची चांगली हवा

नंदुरबार स्टेशनात गाडी लांबली होती. बाकावर माझ्या शेजारी कापसाचे व्यापारी उमेदमल शेठजी होते आणि सरकी काढायच्या जिनात इंजिन बसवायला आलेल्या जर्मन साहेबाच्या हाताखालचा चुनीलाल.

"चुनीलाल, तुझ्या साहेबाला म्हणे गावानं भिजवलं?"

"त्यानीच चूक, शेठजी. रोज सकायले गच्चीवर उभा ऱ्हाये, कोरडं आभाय दखे आनि वरडे, 'श्योनेस वेटर!'"

"म्हणजे?"

"चांगली हवा. त्यासना देशमा ऊन पडनं की असंच बोलतस."

"अरे देवा! आषाढ कोरडा चाललाय आणि हा चांगली हवा म्हणतो?"

"लोके म्हनेत, याना तोंडमुयेच ढग पयी जातस. पाऊस मांगाले आम्ही धोंड्या काढतस ना? एखादा मानूसले निंबना पाला बांधीसन दारोदार त्याना डोकावर पानी वततस. या साली साहेबलेच पाला बांधीसन भिजाडी टाकं!"

"साहेब रागावला असेल."

"मंग! चष्मा पुसत वरडना, 'हुंडेवेटर!' म्हंजे कुत्रानी हवा. पाऊसनी झोड उठनी की त्या लोके असं म्हनतस."

"लोकांना सांगितलंस का हे?"

"सांगं ना. समदा खूश. म्हने, आते कसा बरोबर बोलना!"

"पण पाऊस आला का?"

"कोठला! पन साहेब आते खिडकी उघडाना पहिले माले इचारस, 'चुनीलाल, आज हवा कशी?'"

"मग तू काय सांगतोस?"

"मी म्हनस, खाले बाया पानीना भरेल हंडा लिसन उभ्या शेतस, साहेब. कुत्रानीच म्हना."