नऊ सालचं रजिस्टर

नाही बाई, तुम्ही पाचव्यांदा विचारलंत म्हणून रजिस्टर काही उगवणार नाही — हरवलं म्हणजे हरवलं! कॉम्प्युटरमध्ये? कॉम्प्युटरमध्ये बारा सालापासून पुढचं. तुमचं लग्न नऊचं. तीन वर्षं दम धरला असतात तर ही वेळ आली नसती — पण घाई! हो, हो, कळलं — नर्सिंगचं सर्टिफिकेट माहेरच्या नावाचं, बाकीचे कागद सासरच्या, आणि दोन्ही बाया एकच हे सोमवारपर्यंत दाखवलं नाहीत तर हॉस्पिटलातली नोकरी गेली. अहो, मग लग्न झालं तेव्हाच दाखल्याची नक्कल काढून ठेवायला काय धाड भरली होती? फोटो मात्र तीनशे काढले असतील. चोवीस वर्षं बसतोय मी या खिडकीत — माणसं लग्न करतात, जेवतात, सही ठोकतात आणि विसरतात. मग एक दिवस घाम पुसत येतात — साहेब, जरा बघा ना. बघा म्हणे!

आणि तुम्ही एकट्याच नाही. आणखी एक बाई येते, तिलाही नऊचंच हवंय. तिचं उलटं — घटस्फोट झालाय, माहेरचं नाव परत लावायचंय, त्याला आधी लग्नाची नोंद पाहिजे. मी म्हटलं, नाव म्हणजे काय चप्पल आहे, दाराशी काढली आणि चालू लागली? तर शांतपणे म्हणते, शोधून ठेवा, मी मंगळवारी येते. ही शांतता — ही शांतताच डोक्यात जाते! बारा वर्षं हेच. आपण घसा फोडून ओरडावं आणि हिनं भाजी चिरत बसावं. गेली तीही तशीच — गॅस बंद केला, किल्ली टेबलावर ठेवली, माझा डबा — म्हणजे त्या माणसाचा डबा — भरून ठेवला आणि गेली. डबा कशाला भरायचा, जायचंच होतं तर?

मला कसं माहीत? अहो, या खिडकीत बसलं की सगळ्यांचं सगळं कळतं. येऊ दे की मंगळवारी. वीस मंगळवार येऊ दे. यावं तर लागतंय ना माझ्यापुढे? एकदा सापडलं की कशाला फिरकतेय ती इकडे.

विश्वास नाही ना बसत? थांबा, उठतोच, कपाट उघडून दाखवतो. हे आठ — हे दहा — मधे भोक. झालं समाधान? कपाट इकडे आहे बाई, खुर्चीकडे काय बघताय? उशी घसरली ती, उचलतो मी. तिच्याखाली काही नाही — खुर्ची ठेंगणी आहे, उंचीला घेतलंय काहीतरी जाडजूड. कुठलं साल काय, कुठलं साल — हात बाहेर घ्या आधी! आणि ओरडू नका, आत साहेब बसलेत.

बरं. बरं म्हटलं ना! तुमच्या पानाची नक्कल देतो, शिक्का मारून, आज चारला. सोमवारी व्हा हजर नोकरीवर. पण मंगळवारी या बाजूला दिसायचं नाही, समजलं? चला, खिडकी बंद.