शेजारची सीट

...न्हाई बालाजी, त्या कंपनीचं नावच काढू नको. कॉम्प्युटर कशाला फिरवून दाखवतो— स्वस्त हाय, दिसून राहिलं मला. हैद्राबादला लेकीकडं, श्रद्धाकडं जायचं खरं, पण माझं बसचं काढ. हाव, बसचं! अन् हे कोण सांगून राहिलंय? लोह्याचा शेषेराव— ज्यानं अर्धं लोहा त्या कंपनीच्या विमानात बसवलं. दुसऱ्या कंपनीनं गेला म्हणून सख्ख्या साडूशी बोलणं सोडलं होतं मी! एवढी माया का? अरे, त्या विमानात सरोजिनी नावाची पोरगी होती, आपल्या मुरुडची. विमान उडायच्या टायमाला लिंबाची गोळी घेऊन यायची, म्हणायची, 'काका, झालंच आता, ढगाच्या वर रस्ता चांगला हाय.' तुझी तारामती काकू घाबरते ना, म्हणून मी तिचा हात धरायचो, अन् ही पोरगी गोळी द्यायची— मला. म्हणजे, काकूला द्यायला, मला.

मग कंपनीला काटकसरीचं खूळ लागलं. आधी गोळी बंद. मग पाणी विकत. सीट अशी की लाल डब्याची याद यावी. मी म्हणलं, चालतंय, घरचीच कंपनी हाय. मग सरोजिनीच दिसंना— इचारलं तर म्हणे, माणसं कमी केली. अन् मागल्या खेपेला तर कहरच! मला पुढं बसवलं, काकूला पार शेपटीकडं. शेजारी बसायचं तर जादा पैसे म्हणे— बायको हाय माझी, पावणी न्हाई! तरी मी भरून राहिलो होतो, काकूच म्हणली, 'ऱ्हाऊ द्या, बसते मी मागं.' बसली. विमान पळाया लागलं, वळून पाहतो तर ही उमरीच्या कोण्या चतुराबाईसंगं खो-खो हसून राहिली! भीती? छे! अन् माझ्या शेजारी कोण, तर टायवाला साहेब. चाकं उचलली— अन् बालाजी, मी त्याचा हात धरला. धरला तो ढगापर्यंत सोडलाच न्हाई. तो म्हणतो, 'अंकल, घड्याळ तुटेल.' वरचं बटण दाबलं, तर लई वेळानं एक पोरगी आली, बिचारी एकटीच धावत होती. म्हणलं, 'बाई, गोळी.' तिनं मेन्यूकार्ड पुढं केलं.

उतरल्यावर रिक्षात काकूनं हळूच माझा हात धरला. म्हणली, 'इतके दिवस मला भित्री म्हणून गावभर सांगितलं. मी बी सांगू दिलं.'

...हां, तिचं विमानाचंच काढ. चतुराबाईसंगं चालली, खिडकी पायजे म्हणे. कोणती कंपनी? कोणती का असंना, स्वस्त पडंल ती— तिला कुठं माया हाय! माझं बसचं, स्लीपर. खालचा बर्थ दे. वरचा न्हाई. न्हाई म्हणलं ना, वर नको— हसायला काय झालं? छाप तिकीट.